खोक्यावर ३२००, आत २१३३

घरात एक आयटीवाला असला की बाकीच्यांनी कॉम्प्युटरबद्दल तक्रार करायची आणि त्याने ती हसून उडवून लावायची, असा एक अलिखित करार असतो. मावशीचा प्रिंटर, बाबांचं नेटबँकिंग, खालच्या मजल्यावरच्या आजींचं व्हॉट्सॅप... मी हा करार नोकरी लागल्यापासून इमानेइतबारे पाळत आलोय. ‘रीस्टार्ट करून बघ’ आणि ‘टॅब कमी उघडत जा’ या दोन वाक्यांवर माझी सगळी कौटुंबिक प्रतिष्ठा उभी आहे. म्हणजे होती.

तर झालं असं, की डिसेंबर २०२५ मधल्या एका शुक्रवारी रात्री धाकटी म्हणाली, "दादा, मला पीसीत अजून रॅम टाकून दे. सोळाची बत्तीस कर. मी पैसे देते."

धाकटी म्हणजे माझी बहीण. आर्किटेक्ट आहे, एका ऑफिसात नोकरी करते आणि शनिवार-रविवारी घरी बसून स्वतःची बारीकसारीक कामं घेते. कोणाचं किचन, कोणाचं क्लिनिक. राहते माझ्याच फ्लॅटवर. तिचा पीसी हॉलमध्ये, खिडकीपाशी. त्या पीसीवर ती माऊस धरून वाट बघत बसलीये हे दृश्य माझ्या इतक्या सवयीचं झालं होतं की मला ते दिसेनासंच झालं होतं.

रॅमचे भाव बघितले आणि डोळे पांढरे झाले. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीचा एवढा फडशा पाडला की साध्या माणसाच्या डीडीआर४ लाही सोन्याचा भाव आला. म्हटलं, थांब, आधी आहे ती रॅम किती वापरली जातेय ते तर बघू. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं. सोळापैकी नऊ जीबी वापरात. म्हणजे रॅम कमी पडत नव्हती. मी ‘बघ, मी म्हटलं नव्हतं’ म्हणणार इतक्यात खाली उजव्या बाजूला नजर गेली.

स्पीड : २१३३.

आता थोडं मागे जायला हवं. हा पीसी ऑक्टोबर २०२१ चा. धाकटी तेव्हा बी.आर्च.च्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या लॅपटॉपवर स्केचअप उघडलं की पंख्याचा आवाज किचनपर्यंत यायचा. तो काळ आठवतो का? ग्राफिक्स कार्डं बाजारातून गायब झाली होती, क्रिप्टोवाल्यांनी पळवली होती आणि जी उरली त्यांच्या किमती ऐकून दुकानातून पाय बाहेर वळायचे. म्हणून आम्ही रायझन ५ ५६००जी घेतला. यात ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतं, वेगळं कार्ड लागत नाही. बाबांनी निम्मे पैसे दिले, मी निम्मे दिले, आणि रॅम धाकटीने स्वतःच्या स्कॉलरशिपच्या पैशातून घेतली. आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक्स, खोक्यावर ठसठशीत ३२००. पेठेतल्या एका दुकानदार काकांनी आमच्यासमोर सगळं जोडून दिलं होतं.

आतलं ग्राफिक्स घेतलं की रॅमचा वेग दुप्पट महत्त्वाचा होतो. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. आतल्या ग्राफिक्सला ती नसते, ते आपल्या नेहमीच्या रॅममधूनच उसनवारी करतं. म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच नळाखाली बादल्या लावून उभे. हे मला माहीत होतं. २०२१ मध्ये मीच बाबांना हे फोनवर अर्धा तास समजावलं होतं, ‘रॅममध्ये कंजूषी नको’ म्हणून.

आणि आता नळाला पाणी २१३३ चं येत होतं.

माझं डोकं फिरलं. सीपीयू-झेड उतरवून घेतलं, त्यात तर १०६६ दिसलं. (हे ठीक असतं. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून तिथे निम्मा आकडा दिसतो. ३२०० ची रॅम तिथे १६०० दिसायला हवी.) निष्कर्ष मी दोन मिनिटांत काढला. दुकानदाराने ३२०० च्या खोक्यातून २१३३ ची रॅम दिली. चार वर्षं फसवलं! धाकटी म्हणाली, "अरे पण काका चांगले होते, त्यांनी मला माऊसपॅड फुकट दिलं होतं." म्हटलं, म्हणूनच दिलं!

शनिवारी चार वाजता दुकानात हजर. काकांचे केस पांढरे झालेत, बाकी दुकान तसंच. मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला आणि जरा वरच्या पट्टीतच म्हणालो, "काका, ३२०० चे पैसे घेऊन २१३३ ची माल दिलात तुम्ही." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मला ती असलेली बरंच वाटलं, हे आता लिहिताना लाज वाटते.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बघितला. "बिल आहे का हो?"

होतं. माझ्या मेलमध्ये फोटो होता. बिलाच्या खाली, शिक्क्याच्या शेजारी, बॉलपेनने लिहिलेलं होतं : एक्सएमपी ऑन. ३२०० ओके. ए२-बी२. चार वर्षांत हे मी एकदाही वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी मला ते डॉक्टरांच्या अक्षरासारखं वाटलं असतं.

"हे अक्षर माझं," काका म्हणाले. "मधे बायोसला कोणी हात लावला का?"

माझा आवाज एकदम खालच्या पट्टीत आला.

झालं होतं असं. २०२२ च्या सुरुवातीला धाकटीने विंडोज ११ टाकलं आणि पीसीला एक विचित्र आजार जडला. सगळं छान चालू असताना मध्येच एक-दोन सेकंद सगळं गोठायचं, गाणं लागलं असेल तर आवाज फाटायचा, मग पुन्हा सगळं ठीक. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं ट्रबलशूटिंग ते. विंडोज ११ ला टीपीएम लागतं, आणि रायझनमध्ये ते प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असतं. ते अधूनमधून मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी जास्तीचा संवाद साधायचं आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे ताटकळायचे. एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे जाहीर मान्य केलं आणि मे महिन्यापासून त्यावर उपाय असलेले बायोस यायला लागले. मी आळशी, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अपडेट केला. गोठणं बंद! आईने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की दादाने कॉम्प्युटर बरा केला. मी चकल्या खात कौतुक ऐकून घेतलं.

बायोस अपडेट झाला की बहुतेक मदरबोर्ड सगळ्या सेटिंग्ज पुसून टाकतात. एक्सएमपीसुद्धा.

हे एक्सएमपी काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो, कारण रॅम विकत घेणाऱ्या निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं. प्रत्येक स्टिकवर एक छोटीशी चिप असते, तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते. कुंडलीत दोन भाग. पहिल्या भागात ‘जेडेक’ या संस्थेच्या प्रमाणातले वेग, जे कुठल्याही बोर्डावर, १.२ व्होल्टवर, निमूटपणे चालावेत. धाकटीच्या स्टिकमध्ये या यादीतला सगळ्यात वरचा वेग २१३३ होता. दुसऱ्या भागात कंपनीने स्वतः तपासून लिहिलेला वेग : ३२००, अमुक टायमिंग, १.३५ व्होल्ट. हा दुसरा भाग म्हणजे एक्सएमपी. इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या वेळी आणला. एएमडीच्या बोर्डांवर त्याला डीओसीपी, ए-एक्सएमपी अशी नावं दिसतात, आणि डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये स्वतःचा एक्स्पो काढला. खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा छापतात तो या दुसऱ्या भागातला. पण मदरबोर्ड चालू होताना पहिला भाग वाचतो. दुसरा वाच म्हणून त्याला तुम्ही सांगावं लागतं. न सांगितल्यास तक्रार नाही, लाल दिवा नाही, काही नाही. पीसी चालू होतो आणि आयुष्यभर हळू चालतो.

काकांच्या भाषेत : "बोर्ड भित्रा असतो हो. त्याला कोणीतरी ‘चल’ म्हणावं लागतं."

मग काकांनी दुसरा प्रश्न विचारला. "दिवाळीत आतून साफही केला असेल?"

केला होता. ब्लोअर मारला होता आणि दोन्ही स्टिक्स काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या होत्या, जसं आपल्या देशात इंजिनियरिंगला जाणारं प्रत्येक पोर शिकतं.

"मग परत बसवताना कुठल्या स्लॉटांत बसवल्यात?"

मला आठवेना. "शेजारी-शेजारी" एवढंच आठवलं. शेजारी-शेजारी दिसायला छान दिसतात.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं बिलावरच्या ‘ए२-बी२’ वर बोट ठेवलं. मग बहुधा माझं तोंड बघून म्हणाले, "अहो, रोज एक तरी येतो. निम्मे तर सीपीयू-झेडमध्ये १६०० बघून भांडायला येतात. तुमच्याकडे निदान खरोखर चूक आहे." त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक हसला. मी सॉरी म्हटलं, पण दुकानात शिरताना जितक्या मोठ्याने बोललो होतो तितक्या मोठ्याने नाही.

घरी येऊन कॅबिनेट उघडलं. दोन्ही स्टिक्स प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन स्लॉटांत, ए१ आणि ए२. आता या बोर्डावर प्रोसेसरपासून रॅमकडे जाणारे दोन रस्ते आहेत, ए आणि बी. प्रत्येकावर दोन-दोन स्लॉट. एक स्टिक ए वर आणि एक बी वर बसवली की दोन्ही रस्ते एकदम वापरता येतात. मी दोन्ही ए वरच कोंबल्या होत्या. पोस्टात दोन खिडक्या उघड्या आणि अख्खी रांग एकाच खिडकीसमोर, तसं.

मग मी तो हिशोब केला, जो करायला नको होता. एका रस्त्यावरून एका वेळी आठ बाइट जातात. ३२०० गुणिले आठ म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी. दोन रस्त्यांचे ५१.२. आणि आमचं? २१३३ गुणिले आठ, एकच रस्ता : १७ जीबीच्या आसपास. बरोब्बर एक तृतीयांश.

धाकटीने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या रॅमचा दोन तृतीयांश वेग मी दिवाळी २०२२ ला काढून घेतला आणि त्याबद्दल चकल्या खाल्ल्या.

आणि ती सांगत होती हो. हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्या दिवाळीनंतर महिन्याभरातच ती म्हणाली होती, "दादा, आता अडकत नाही, पण जड झालाय. मॉडेल फिरवताना आधीसारखं वाटत नाही." किती नेमकी तक्रार आहे बघा. ऑफिसात एखाद्या टेस्टरने असा बग लिहिला, ‘अमुक बदलानंतर, अमुक क्रिया, आधीपेक्षा हळू’, तर मी त्याला चहा पाजेन. कालपर्यंत चालत होतं ते आज चालत नसेल तर मधल्या काळात काय बदललं ते बघ, हे मी ज्युनियर पोरांना आठवड्यातून दोनदा सांगतो. घरी मी म्हटलं, "क्रोममध्ये चाळीस टॅब उघडे ठेवलेस तर काय होणार?"

२०२४ च्या उन्हाळ्यात तिचा थीसिस होता. एका छोट्या गावाचं वाचनालय आणि त्याला जोडून बाजाराचा कट्टा. मॉडेल मोठं झालं होतं आणि तिला त्याचा वॉकथ्रू करायचा होता, म्हणजे दारातून आत शिरल्यापासून गच्चीपर्यंत फिरत जाणारा व्हिडिओ. पण मॉडेल जरा वळवलं की चित्र तुटक तुटक यायचं, कॅमेरा कुठे ठेवलाय तेच तिला कळायचं नाही. दोन रात्री झगडून तिने तो नाद सोडला आणि तीन रात्री जागून सनबोर्डचं मॉडेल केलं. आमच्या डायनिंग टेबलवर अजून तिच्या कटरच्या रेघा आहेत. मी त्या रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा म्हणालो होतो, "तू मॉडेलच जड बनवतेस. ऑप्टिमाइझ करायला शिक." ज्यूरीत कोणीतरी विचारलं, वॉकथ्रू नाही केलात का? ती पास झाली, चांगली पास झाली, पण तो प्रश्न तिने घरी येऊन दोनदा सांगितला होता. मला वाटलं होतं ती सहज सांगतेय.

असो. रविवारी सकाळी एक स्टिक ए१ मधून काढून बी२ मध्ये बसवली. पीसी चालू केला, डिलीट दाबत बायोसमध्ये गेलो, प्रोफाइल ऑन केलं, सेव्ह. स्क्रीन काळी. पंखे सुरू, बंद, पुन्हा सुरू. धाकटी मागे चहाचा कप घेऊन उभी. नवीन वेगावर मेमरीशी जुळवून घ्यायला बोर्डाला थोडा वेळ लागतो, कधी दोन-तीनदा आपणहून रीस्टार्ट होतो, आणि नाहीच जमलं तर मुकाट्याने जुन्या वेगावर परत येतो. हे मला माहीत होतं, तरी ती मिनिटभराची काळी स्क्रीन फार मोठी होती. मागून काहीही आवाज नाही. ती ‘काय झालं’ असं सुद्धा विचारत नव्हती. मग लोगो आला.

टास्क मॅनेजर : ३२००. सीपीयू-झेड : १५९६ च्या आसपास, दोन चॅनल. मेमरी वाचण्याच्या टेस्टमध्ये सकाळी सोळाच्या जवळ आकडा आला होता, आता सत्तेचाळीस. एक्सएमपीवर पहिल्यांदा गेल्यावर एक रात्र मेमटेस्ट लावून ठेवावी, कारण चुकणारी वेगवान रॅम ही बरोबर हळू रॅमपेक्षा वाईट. फाइल्स हळूच खराब होतात आणि महिन्याने कळतं. ते रात्री लावलं, एकही एरर नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळंच तिप्पट झालं नाही. क्रोम तेवढंच. वर्डमध्ये काडीचा फरक नाही. प्रोसेसरवर चालणारं रेंडरिंग थोडंसंच सुधारलं, कारण ते गणित करण्यात गुंतलेलं असतं, रॅमची वाट कमी बघतं. फरक पडला तो ग्राफिक्समध्ये. नेमका तिथेच, जिथे ती बोट ठेवत होती.

(ऑफिसात सोमवारी हे सांगितलं तर एकाने लगेच स्वतःचा घरचा पीसी तपासला. त्याची ३२०० ची रॅम २६६६ वर. तो बायोसमध्ये शोध शोध शोधतोय. त्याच्याकडे १०व्या पिढीचा आय५ आणि बी४६० बोर्ड आहे, तिथे २६६६ हीच हद्द, पुढे सेटिंगच नाही. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक्स एकत्र लावल्या तरी सगळ्या सगळ्यात हळू असलेलीच्या चालीने चालतात. त्यामुळे आकडा कमी दिसला की लगेच दुकानात जाऊ नका. जायचंच तर हळू आवाजात जा.)

रविवारी दुपारी धाकटीने स्वतःहून थीसिसची जुनी फाइल उघडली. मी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन काम करत असल्याचं नाटक करत होतो. तिने माऊस धरून वाचनालय गर्रकन एक पूर्ण चक्कर फिरवलं. मग उलटं. मग दारातून आत शिरली, जिन्यापाशी गेली, वर बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मी शेवटी म्हणालो, "सॉरी गं. टॅबचं नव्हतं ते."

"हं," ती म्हणाली. नजर स्क्रीनवरच. "हे जिन्याखालचं दार बघ. उघडलं की सरळ कठड्यावर आपटतंय."

"मग?"

"मग काय? ज्यूरीतल्या कोणाला दिसलं नाही. मलाच आज दिसलं." आणि तिने ते दार दीड वर्षांनी दुसऱ्या बाजूला उघडणारं केलं.

पुढच्या शनिवारी पेठेत दुसरं काम होतं तेव्हा काकांकडे डोकावलो. रॅम घेणार का, त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, आहे ती पुरतेय. एक माऊसपॅड घेतलं, पैसे देऊन. कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर आता मी एक स्टिकर लावलाय, तारीख घालून : ए२-बी२, एक्सएमपी ऑन, ३२०० ओके. खाली धाकटीने तिच्या त्या आर्किटेक्टी ठळक अक्षरात आणखी एक ओळ लिहिलीये : ‘दिवाळीत उघडू नये.’